अँडच्या आधी कॉमा दिला म्हणून मार्क कापायचा का?

"ताई, मी फोंड्याजवळच्या एका हायस्कूलात आठवी-नववीला इंग्लिश शिकवते, नोकरी नवीनच आहे. आमच्या सीनियर टीचर वाक्यातल्या यादीत 'अँड'च्या आधी कॉमा दिसला की लाल गोल करतात आणि अर्धा मार्क कापतात, आम्हांला पण तसंच करायला सांगतात. मी कॉलेजात असताना तो कॉमा द्यायलाच शिकले. परवा युनिट टेस्टमध्ये एका हुशार मुलीचे असे दीड मार्क गेले, तिची आई आयटीत आहे, ती मोबाईलवर अमेरिकन नियम उघडून भांडायला आली. सीनियर टीचर म्हणाल्या आम्ही ब्रिटिश इंग्लिश शिकवतो, आणि ती गेल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, आजकालच्या टीचरांनाच ग्रामर येत नाही तर मुलांचं काय. कोण बरोबर ते सांगा आणि मी आता काय करू तेही सांगा. गॅदरिंगच्या इंग्लिश निमंत्रणातलं एक वाक्य खाली देते, त्यावरूनही वाद चाललाय, तेवढं बघा."

बाय, आधी उत्तर सांगून टाकते. कॉमा देणारे चूक नाहीत, न देणारेही चूक नाहीत, पण त्या कॉमासाठी पोरांचे मार्क कापणं चूक आहे आणि ते तुम्ही शाळेत सगळ्यांनी मिळून थांबवायला पाहिजे. कारणं जरा सविस्तर सांगते, कारण तुला हे स्टाफरूममध्ये मांडायचंय आणि तिथं "सदरात ताईंनी असं लिहिलंय" एवढ्यानं कोणी ऐकणार नाही.

तीन किंवा जास्त गोष्टींच्या यादीत शेवटच्या अँडच्या किंवा ऑरच्या आधी जो कॉमा येतो त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, सीरियल कॉमा असंही नाव आहे. ऑक्सफर्ड का, तर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तो द्यायची पद्धत फार जुनी. होरेस हार्ट म्हणून तिथले मुख्य मुद्रक होते, त्यांनी १८९३ मध्ये खिळे जुळवणाऱ्यांसाठी आणि प्रुफं वाचणाऱ्यांसाठी नियमांची पुस्तिका काढली, तीच पुढं हार्ट्स रूल्स म्हणून जगभर गेली. आता ऑक्सफर्ड हे इंग्लंडात, मग "ब्रिटिश इंग्लिशमध्ये हा कॉमा नसतो" असं सरसकट कसं म्हणायचं? हां, ब्रिटनमधली बहुतेक वर्तमानपत्रं साध्या यादीत तो देत नाहीत, शाळांतही बरेच जण नको असंच शिकवतात, म्हणजे तुमच्या टीचरांनी काही मनचं सांगितलेलं नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्या रेन अँड मार्टिनवर इंग्लिश शिकल्या त्यातही अँडच्या आधी कॉमा साधारणपणे देत नाहीत असंच आहे. पण त्या "साधारणपणे" शब्दाकडे बघ. त्यात सवय सांगितलीय, चूक म्हटलेलं नाही.

आणि त्या आईला सांग की अमेरिकेतही एकच नियम नाही. पुस्तकं छापणारे तिथं शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाईल बघतात, पहिली आवृत्ती १९०६ ची, ते म्हणतं कॉमा द्या. वर्तमानपत्रवाले असोसिएटेड प्रेसचं स्टाईलबुक बघतात, ते म्हणतं साध्या यादीत देऊ नका, अर्थ घोटाळत असेल तरच द्या. एकाच देशात दोन घराणी. त्यांचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून बघ, "लाइफ, लिबर्टी अँड द पर्सूट ऑफ हॅपिनेस", अँडच्या आधी कॉमा नाही. आणि ११ वर्षांनी लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेची सुरुवात बघ, "प्रमोट द जनरल वेल्फेअर, अँड सिक्युअर द ब्लेसिंग्ज ऑफ लिबर्टी", इथं कॉमा आहे. दोन्ही कागद देशाचे पायाचे, आणि त्यावरून कोणी कोणाचे मार्क कापले नाहीत.

आता आपल्याकडचं बघू, कारण स्टाफरूममध्ये हेच जास्त उपयोगी पडेल. आपल्या संविधानाची उद्देशिका मुलांच्या पुस्तकात असते ना, ती इंग्लिशमध्ये वाच. "लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप". पाच गोष्टी, आणि शेवटच्या अँडच्या आधी कॉमा नाही. "जस्टिस, सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल", तिथंही नाही. शेवटी "अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज", तिथंही नाही. तुमच्या सीनियर टीचरांच्या बाजूनं याहून मोठा पुरावा मिळायचा नाही, आणि हा तूच त्यांच्यासमोर ठेव, त्यांना बरं वाटेल. आणि गोव्यात तर आपण अख्ख्या केंद्रशासित प्रदेशाचं नाव असंच लिहीत होतो, "गोवा, दमण अँड दीव". १९८७ च्या ३० मे ला गोवा वेगळं राज्य झालं तरी जुन्या कायद्यांची नावं तशीच चालू आहेत, १९६८ चा लँड रेव्हेन्यू कोड घे नाहीतर १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) कायदा घे, नावात "गोवा, दमण अँड दीव" आणि कॉमा एकच. ज्यांच्या घरी जमिनीची केस चालू आहे अशा मुलांनी हे नाव कागदांवर कितीतरी वेळा बघितलेलं असतं.

शिवाय आपल्या डोळ्यांना तो कॉमा का खुपतो याचंही कारण आहे. मराठीत आपण "बांगडे, सुंगटं आणि तिसऱ्या" असंच लिहितो, आणिच्या आधी स्वल्पविराम देत नाही. जुन्या पिढीतले जे गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकले त्यांनाही तीच सवय, कारण पोर्तुगीजमध्येही साध्या यादीत शेवटच्या "ई"च्या आधी कॉमा नसतो. म्हणजे तुमच्या टीचरांना तो कॉमा उपरा वाटतो यात त्यांचा हट्ट कमी आणि संस्कार जास्त, हे ध्यानात ठेवून बोललीस तर बोलणं सोपं जाईल.

मग कॉमाची गरज कधी? फळ्यावर हे वाक्य लिही: "आय थँक माय पेरेंट्स, द सरपंच अँड द हेडमिस्ट्रेस." आणि मुलांना विचार, किती जणांचे आभार मानले? निम्मी मुलं म्हणतील चौघांचे, निम्मी म्हणतील दोघांचे, बाबा सरपंच आणि आई हेडमिस्ट्रेस. दोन्ही अर्थ निघतात. अँडच्या आधी कॉमा दिला की चौघं वेगळे झाले. ऑक्सफर्डवाले जीव तोडून भांडतात ते यासाठी, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

पण लगेच दुसरं वाक्य लिही: "आय थँक माय मदर, द सरपंच, अँड द हेडमास्टर." इथं कॉमा दिलाय आणि त्यानंच घोळ केलाय, कारण आता आईच सरपंच आहे असं वाटतं, आणि आपल्याकडे बाईमाणूस सरपंच असणं काही नवल नाही. कॉमा काढला तर तिघंही वेगळे दिसायला लागतात. म्हणजे जो कॉमा एका वाक्यात अर्थ वाचवतो तोच दुसऱ्या वाक्यात अर्थ बिघडवतो. हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलं की त्यांना आयुष्यभर पुरतं, आणि अर्धा अर्धा मार्क कापून ते कधीच कळत नाही. मला या सगळ्यात हेच जास्त लागतं बघ, की जी गोष्ट मुलांना विचार करायला लावू शकते तिचं आपण लाल गोलात रूपांतर करतो.

तिसरं वाक्य आपल्या हायकोर्टाचं. पर्वरीला खंडपीठ आहे ते मुंबई हायकोर्टाचं, आणि त्या कोर्टाच्या हद्दीत महाराष्ट्र येतं, गोवा येतो आणि एक केंद्रशासित प्रदेश येतो ज्याचं नाव २६ जानेवारी २०२० पासून "दादरा अँड नगर हवेली अँड दमण अँड दीव" असं आहे. आता "महाराष्ट्र, गोवा अँड दादरा अँड नगर हवेली अँड दमण अँड दीव" असं लिही, वाचणाऱ्याला कुठं काय संपलं तेच कळायचं नाही. "महाराष्ट्र, गोवा, अँड दादरा अँड नगर हवेली अँड दमण अँड दीव" असं लिही, निदान शेवटचं सगळं मिळून एकच नाव आहे हे तरी दिसतं. नावातच अँड असलं की तो कॉमा द्यावाच, हे कॉमा न देणारेसुद्धा मान्य करतात. जम्मू अँड काश्मीर यादीच्या शेवटी आलं तरी तेच.

सीनियर टीचर म्हणतील एका कॉमानं असं काय मोठं होतंय, तर त्यांना अमेरिकेतल्या मेन राज्यातली केस सांग. ओकहर्स्ट डेअरी म्हणून दुधाची कंपनी, तिच्या ट्रक ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमच्या पैशांसाठी केस घातली. तिथल्या कायद्यात काही कामांना ओव्हरटाइम लागू नव्हता, त्यांची यादी अशी होती: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन", आणि पुढं हे सगळं शेतमाल, मांस-मासळी, नाशवंत खाद्यपदार्थ यांचं असं. शिपमेंट शब्दानंतर कॉमा नाही. कंपनी म्हणाली डिस्ट्रिब्युशन म्हणजे माल पोचवणं हे यादीतलं वेगळं काम आहे, ड्रायव्हर तेच करतात, म्हणून ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले वेगळं काम असतं तर आधी कॉमा दिला असता, इथं काम एकच आहे, पॅकिंग, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्युशनसाठी, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही. त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार आवडतो, बाकीची सगळी कामं आयएनजीवाली आहेत, कॅनिंग, ड्राइंग, स्टोअरिंग, आणि डिस्ट्रिब्युशनला तेवढं आयएनजी नाही, शिपमेंटसारखंच साधं नाम आहे, म्हणजे ते शिपमेंटच्या जोडीचं. ग्रामरच्या तासाला शिकवावं असं आर्ग्युमेंट आहे हे! आणि कंपनीकडेही उत्तर होतं, मेनच्या कायदे लिहिणाऱ्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं की यादीत शेवटचा कॉमा देऊ नका. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, पण २०१७ च्या मार्चमध्ये वरच्या कोर्टानं सांगितलं की कायदा संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तर अर्थ कामगारांच्या बाजूनं लावायचा. २०१८ मध्ये कंपनीनं ५० लाख डॉलरवर समझोता केला. वरच्या कोर्टाच्या निकालानंतर मेनच्या विधिमंडळानंही ते वाक्य दुरुस्त केलं, आणि काय केलं माहितीय, कॉमांच्या जागी सगळीकडे सेमीकोलन घातले आणि डिस्ट्रिब्युशनचं डिस्ट्रिब्युटिंग केलं. नुसता कॉमा वाढवून भागवलं नाही, वाक्यच असं लिहिलं की दुसरा अर्थ निघायला नको.

मला तुला सांगायचंय ते हेच. कॉमा द्यायचा की नाही हा जिथं लिहितेस तिथल्या घरच्या पद्धतीचा प्रश्न आहे, पण वाचणाऱ्याला एकच अर्थ कळला पाहिजे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती कुठल्याच पद्धतीनं सुटत नाही. सेमीकोलन नववीच्या मुलांना शिकवायला हरकत नाही, आपल्या पत्त्यांवरून शिकव, "म्हापसा, बारदेश; कुडचडे, केपे; अँड साखळी, डिचोली". गाव आणि तालुका यांच्यामध्ये कॉमा, जोड्यांच्या मध्ये सेमीकोलन, लगेच समजतं.

आता काय करायचं ते. त्या मुलीचा पेपर परत काढ आणि ते तिन्ही लाल गोल नीट बघ. मला शंका आहे की त्यातला एखादा यादीतला नसेलच. "शी बॉट द फिश, अँड हर ब्रदर कुक्ड इट" असं दोन पूर्ण वाक्यं अँडनं जोडलेली असली की तिथला कॉमा हा वेगळ्या नियमाचा आहे, त्याचा ऑक्सफर्ड कॉमाशी संबंध नाही आणि तो देणं दोन्ही घराण्यांत चालतं. "अँडच्या आधी कॉमा नको" असं एकदा डोक्यात बसलं की तपासताना हा पण कापला जातो, घाईत कोणाचंही होतं. तसं झालं असेल तर तो मार्क बिनशर्त द्यावा लागेल, चर्चेचा विषयच नाही.

सीनियर टीचरांशी त्या एकट्या असताना बोल, चार माणसांत नको, आईची तक्रार मध्ये आणू नको. असं म्हण: "टीचर, तुम्ही सांगता तो नियम संविधानात पण पाळलाय, आपण शाळेत तोच ठेवूया, फक्त वर्षाच्या सुरुवातीला मुलांना सांगूया आणि दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं तर मार्क कापायला नको." त्यांची पद्धत राहते, मुलांचं नुकसान थांबतं. बोर्डाच्या मार्किंग स्कीममध्ये याबद्दल काही लिहिलंय का ते दोघींनी मिळून बघा, लिहिलेलं नसेल तर आपण जास्तीचं कडक होण्यात अर्थ नाही. कापायचेच असतील तर खऱ्या चुकांचे कापा, यादीत मधले कॉमा गायब असले, किंवा दोनच गोष्टी असताना "राइस, अँड करी" असं उगाच तोडलं. एकाच उत्तरात एकदा कॉमा आणि एकदा नाही असं असेल तर खाली रेघ ओढून "एकच पद्धत ठेव" असं लिही, पहिल्यांदा तेवढं पुरे. आणि मार्क परत द्यायचे ठरले तर सगळ्या वर्गाचे द्या. भांडायला आली तिच्याच मुलीला मिळाले असं नको, ज्यांच्या आयांना शाळेत यायला फुरसत नाही त्यांचेही अर्धे मार्क मोलाचेच आहेत.

सगळ्यांसमोर बोलल्या त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. ते पोटात ठेवू नको, पण त्याच दिवशी कॉमाच्या विषयाबरोबर पण काढू नको, दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकतील. आधी हे मार्गी लागू दे, मग एखाद्या दिवशी शांतपणे सांग, "टीचर, चुकलं तर मला बाजूला बोलावून सांगा, सगळ्यांसमोर नको." हे म्हणायला ज्युनियर-सीनियर काही लागत नाही. आणि ग्रामरवरून मोठमोठी माणसंही तापतात गं, ब्रिटननं २०२० मध्ये ५० पेन्सचं नाणं काढलं, त्यावर "पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप" मध्ये अँडच्या आधी कॉमा नाही म्हणून फिलिप पुलमन यांच्यासारखा नावाजलेला लेखक चिडून म्हणाला की साक्षर माणसांनी या नाण्यावर बहिष्कार घालावा. त्यामानानं तुमची स्टाफरूम बरी.

राहिलं निमंत्रणाचं वाक्य. तू लिहिलंयस, "वुई वेलकम आवर चीफ गेस्ट, अ नोटेड तियात्रिस्त, द मॅनेजर अँड द पीटीए चेअरपर्सन", आणि वाद चाललाय मॅनेजरनंतर कॉमा हवा का यावर. तो कॉमा दे नाहीतर नको देऊ, त्यानं काही फरक पडत नाही, कारण खरी अडचण पहिल्या कॉमाला आहे. चीफ गेस्ट हेच तियात्रिस्त, म्हणजे कोंकणी नाटकातले कलाकार, आहेत की तियात्रिस्त वेगळे आहेत? मला तुझ्या पत्रावरूनही कळलं नाही, मग पालकांना कुठून कळणार. वेगळे असतील आणि त्यांना वाटलं की मलाच चीफ गेस्ट केलंय तर त्या दिवशी स्टेजवर खुर्च्यांचा प्रश्न येईल. एकच असतील तर "आवर चीफ गेस्ट" नंतर सरळ त्यांचं नाव घाला आणि तियात्रिस्त हे नावाखाली बारीक अक्षरात द्या. बाकीच्यांची नावं त्याखाली एकेका ओळीत, मॅनेजर, मग पीटीए चेअरपर्सन, ज्याच्या त्याच्या हुद्द्यासकट. निमंत्रणावर तशीही जागा असते, तिथं कॉमाही लागणार नाही आणि अँडही लागणार नाही. छापायला द्यायच्या आधी प्रूफ हेडमास्तरांना आणि सीनियर टीचरांना दोघांनाही दाखव.